मागच्या दाराची किल्ली

कारखान्यात तिला सगळे दारवाली म्हणत. खरं तर ती काज करणारी. शर्टाच्या पुढच्या पट्टीवर काज पाडायची मशीन तिच्याकडे होती, आणि शेजारी कुणी कितीही जोरात शिंकलं तरी तिचं काज कधी वाकडं गेलं नाही. पण नाव पडलं ते दारावरून. मजल्यावर नवीन मुलगी कामाला आली की दारवाली तिला मशीन दाखवायची नाही, पाण्याचा पिंप दाखवायची नाही. हाताला धरून थेट मागच्या दाराशी न्यायची आणि म्हणायची, "लोट."

मुलगी गोंधळून इकडेतिकडे बघायची. "काय लोटू?"

"हे दार. लोट की! उघडलं? जिना दिसला? आता रोज आल्या आल्या आधी हे करायचं, मग मशीनला हात लावायचा. मी मेले तरी करायचं."

नव्या मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. जुन्या हसत नसत, कारण त्यांना आग ठाऊक होती.

ती आग जुन्या कारखान्यातली. मालक हाच, शर्टही असेच, फक्त जागा दुसरी. तिथे मागच्या दाराला कुलूप असायचं, का, तर म्हणे बायका शर्ट लपवून नेतात. दारवाली तेव्हा नुकती हाताखालच्या कामाला लागली होती, आणि तिची थोरली बहीण त्याच मजल्यावर हातानं बटणं लावायची. आग लागली तशी ताई दाराकडे धावली. शहाणं माणूस दाराकडेच धावणार, दार असतंच त्यासाठी. दारवाली बसली होती मोरीच्या बाजूला, तिला दारापर्यंत जाताच आलं नाही. तिनं मोरीची खिडकी फोडली, आणि शेजारी धागे कापणारी एक काडीसारखी पोरगी नुसतीच उभी राहून ओरडत होती, तिला वेणीला धरून ओढत खालच्या पत्र्यावर उडी मारली. ती पोरगी म्हणजे चिमणी. ताई दाराशी सापडली. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेल्या पितळी अंगुस्तानावरून तिला ओळखावं लागलं.

मग जे होतं ते सगळं झालं. साहेब आले, फोटो निघाले, मालक सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. नव्या कारखान्याच्या मागच्या दाराला कडीसुद्धा बसवणार नाही असं त्यानं मेलेल्यांच्या घरच्यांना शब्द देऊन सांगितलं. त्याचं ते रडणं खोटं नव्हतं असं दारवाली आजही म्हणते. ती भोळीच आहे, पण एवढ्यापुरतं आपणही मानू.

शब्द पाळला गेला, आणि बरीच वर्षं पाळला गेला. नव्या दाराला ना कडी, ना कोयंडा. दर वर्षी आगीच्या दिवशी भर दुपारी मशीन बंद व्हायच्या आणि सगळ्या बायका एकामागून एक मागच्या दारानं बाहेर पडून, जिना उतरून, इमारतीला वळसा घालून पुढच्या दारानं परत यायच्या. याला त्या फेरी म्हणत. पुढे दारवाली चालायची आणि तिच्या मागोमाग चिमणी.

चिमणीला आगीनंतर पाठ टेकायला जागा नव्हती. दारवालीनं तिला आपल्या एका खोलीत आणलं, ताईच्या अंथरुणावर झोपवलं. पोरगी झोपेत किंचाळायची तेव्हा तिला कुशीत घेऊन थोपटलं. काही दिवसांनी चिमणीनं तिला "ताई" अशी हाक मारली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दारवालीनं तोंड फिरवून भांडी घासायला घेतली. मग त्या हाकेची सवय झाली, आणि पुढेपुढे ती हाक ऐकल्याशिवाय दिवस सुना वाटायला लागला. तिनं चिमणीला शिलाई शिकवली, तिचं लग्न लावून दिलं, तिचं पहिलं बाळंतपण त्याच खोलीत केलं. स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. सुपरवायझरची जागा रिकामी झाली तेव्हा मालकाकडे जाऊन "चिमणीला घ्या, पोरगी सोन्यासारखी आहे" असं सांगणारीही दारवालीच होती. तळहाताच्या फोडासारखं जपलं म्हणतात, ते असं.

आणि मग एका सकाळी दारवालीनं सवयीनं दार लोटलं, तर ते हललं नाही. नवाकोरा कोयंडा होता आणि त्यात हे एवढं कुलूप.

ती तशीच चिमणीच्या टेबलाशी गेली. चिमणीला ती येणार हे ठाऊक होतं, तिनं खुर्ची आधीच पुढे सरकवून ठेवली होती.

"ताई, आधी बस. ऐकून तर घे. मागच्या जिन्यानं गठ्ठेच्या गठ्ठे गायब होतायत ग. मालक माझ्या डोक्यावर बसलाय."

"त्यानं शब्द दिला होता."

"दिला होता ना! म्हणून तर मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, कुलूप लावा, पण किल्ली ताईकडे राहील. ताई दाराशेजारीच बसते. तिच्यापेक्षा भरवशाचं माणूस या मजल्यावर दुसरं कोण आहे?" चिमणीनं शर्टाच्या पट्टीची नाडी ओवलेली किल्ली तिच्या गळ्यात घातली, आणि नाडी नीट करता करता तिच्या गालावरून हात फिरवला. "आता तूच दार. झालं?"

दारवालीचा राग पाघळला. खरं सांगायचं तर तिला थोडा मानही वाटला. किल्ली लावून बघावी असं तिच्या मनातही आलं नाही. घरच्या माणसानं हातावर ठेवलेली वस्तू कोण तपासून घेतं?

तेव्हापासून मजल्यावरची रीत बदलली. बायका सकाळी यायच्या, दाराऐवजी दारवालीकडे बघायच्या. "मावशी, किल्ली?" की ही गळ्यातून नाडी ओढून किल्ली वर काढून दाखवायची, आणि त्या निवांत मशीनवर बसायच्या. कुणीकुणी थट्टा करायची, "मावशीला दागिना मिळाला बाई!" तीही हसायची आणि किल्ली आत सारायची. आंघोळीलासुद्धा ती किल्ली उतरवत नसे.

कॉलर जोडायला एक नवीन पोरगी आली तेव्हा तिची आई पहिल्या दिवशी सोबत आली होती. आई धीट होती. पायरीवरच उभी राहून तिनं विचारलं, "मागे कुलूप आहे म्हणतात. तुमच्याकडे मागे एकदा काय झालं ते मला माहीत आहे. पोरीला पाठवू की नको, तुम्हीच सांगा."

दारवालीनं किल्ली काढून त्या बाईच्या हातात दिली, तिला ती उलटीसुलटी बघू दिली. "माझी सख्खी बहीण गेली बंद दाराशी. मी इथे बसलेली असताना असं परत होईल का? माझ्या जिवावर पाठवा."

आईनं पोरीला पाठवलं.

त्या वर्षीची फेरी आली. दारवाली किल्ली हातात घेऊन उठली, तर दार सताड उघडं. "तुझी कशाला धावपळ, ताई, मी आधीच उघडून ठेवलं," चिमणी म्हणाली. "तुझ्याकडे पण किल्ली आहे होय?" दारवालीनं विचारलं. "ऑफिसात एक असते ना," चिमणी म्हणाली. केवढी काळजी घेते पोरगी, असं वाटून दारवालीचे डोळे भरून आले. आता या भोळेपणाला हसावं की रडावं, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

फेरीनंतर थोड्याच दिवसांनी, जेवणाची सुट्टी संपून मशीन नुकत्या सुरू झालेल्या, आणि इस्त्रीच्या टेबलाखालचं कातरण पेटलं. टेबल पुढच्या दाराजवळ. बघता बघता त्या बाजूला धूर दाटला. "आग! आग!" करत बायका उठल्या आणि दारवालीनं वर्षानुवर्षं शिकवलं होतं तशा, एकही पुढच्या दाराकडे न जाता, सगळ्या मागच्या दाराकडे धावल्या.

दारवाली सगळ्यांच्या आधी तिथे होती. तिनं किल्ली कुलपात घातली. किल्ली आत गेली. फिरेना. तिनं दुसऱ्या बाजूला फिरवली. तिकडेही फिरेना. मागून रेटा वाढला. कुणीतरी खोकत होतं, कुणीतरी रडत होतं. कॉलरवाली पोरगी तिच्या खांद्याला घट्ट धरून ओरडत होती, "मावशी, उघडा ना! मावशी, उघडा ना!" दारवालीचं कपाळ दाराच्या फळीवर दाबलं गेलं, आणि ताईनं शेवटी काय बघितलं असेल ते तिला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. ताईनं लाकूड बघितलं असेल. नाकाला टेकलेलं लाकूड, आणि दुसरं काही नाही.

नशीब म्हणा, इस्त्रीवाला गडी डोक्यानं शांत होता. त्यानं मेन स्विच पाडला, पिंप आडवा केला, ओलं पोतं टाकून आग दाबली आणि खिडक्या उघडल्या. धूर हळूहळू निघून गेला. कुणाला काही झालं नाही. बायकांच्या जिवात जीव आला तशा त्या हसायलाही लागल्या. एक म्हणाली, "मावशीचा हात कापत होता म्हणून लागली नाही किल्ली."

दारवालीलाही तसंच वाटायला हवं होतं. सगळ्या मशीनवर गेल्यावर तिनं तेलाची कुपी आणली, कुलपात थेंब सोडले आणि सावकाश, हात न कापता, परत किल्ली घातली. किल्ली फिरली नाही.

तेवढ्यात खालच्या ऑफिसातून चिमणी धावत वर आली. तिला वाटलं असावं की आग अजून चालू आहे. तिनं थेट दार गाठलं, कमरेचा जुडगा काढला, कुलपात एक किल्ली घातली आणि कुलूप खटकन उघडलं. मग तिनं मान वळवली. दारवाली तिच्या शेजारीच उभी होती, गळ्यातली किल्ली हातात धरून. दोन किल्ल्यांचे दात सारखे नाहीत हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"जिन्यात चल," दारवाली म्हणाली.

जिन्यात चिमणीनं आधी ताकास तूर लागू दिली नाही. गंजलं असेल, अदलाबदल झाली असेल, बघते, विचारते. दारवालीनं गळ्यातली किल्ली तिच्या डोळ्यांसमोर धरली, तेव्हा ती एकदम रडायला लागली.

"मालकानं सांगितलं, दुसरी किल्ली मजल्यावर द्यायची नाही म्हणजे नाही. मी काय करणार होते? तू ऐकलं असतंस? तू बसली नसतीस, आणि तू बसली नाहीस की एकही बाई बसत नाही. माझ्या पोरांचं कसं होणार?"

"ही कशाची किल्ली?"

"जुन्या कपाटाची. कपाट मोडीत गेलं."

"पहिल्या दिवसापासून?"

चिमणीनं मान हलवली. मग डोळे पुसत, थोडी चिडूनच म्हणाली, "पण ताई, तू एकदाही लावून बघितली नाहीस?"

"तू दिली होतीस ना," दारवाली म्हणाली.

चिमणीनं तिच्या हाताला हात लावला. "ताई, कुणाला बोलू नकोस. मी खरी करून देते. उद्याच करून देते. तुझ्या पाया पडते, पण माझी नोकरी घालवू नकोस."

"मला ताई नको म्हणू," दारवाली म्हणाली. "माझी ताई कुलपाशी मेली. तिची जागा मी तुला दिली, आणि तू माझ्याच गळ्यात तसलं कुलूप बांधलंस. मालकाचं मला काही वाटत नाही, तो परका. तू केसानं गळा कापलास माझा."

रात्रभर तिच्या मनात येत राहिलं की गप्प बसावं. खरी किल्ली मिळेल, चिमणीची पोरं उपाशी राहणार नाहीत, आणि आपलं नावही राहील. या मजल्यावर तिच्याकडे दुसरं होतं तरी काय? तिच्या शब्दावर बायका काम करत होत्या, ही एकच कमाई.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली आणि बायका जमल्यावर मशीनच्या रांगेमध्ये उभी राहून बोलली. "ही किल्ली त्या दाराची नाही. कधीच नव्हती. मला ठाऊक नव्हतं. पण मी रोज तुम्हाला दाखवत होते, तर मी लावून बघायला हवी होती." तिनं नाडी गळ्यातून काढली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

शिव्या बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एकीनं किल्ली उचलून उलटीसुलटी बघितली आणि परत ठेवली. मग कॉलरवाली हळूच म्हणाली, "तुम्ही आईच्या हातात दिली होतीत ती." एवढंच. आणि ती मशीनवर न बसता, कालपासून उघड्याच राहिलेल्या दारानं मागच्या जिन्यात जाऊन बसली. तिच्यामागून एकेक करत सगळ्या गेल्या. मालक आला, ओरडला, माल अडकलाय म्हणाला, नंतर गोड बोलला. बायका हलल्या नाहीत. शेवटी इस्त्रीवाल्यानं स्क्रूड्रायव्हर आणून कुलपासकट कोयंडा काढला. चिमणी टेबलाशी खाली मान घालून उभी होती. दारवालीनं तिच्याकडे बघितलं नाही, आणि बघावंसं वाटलं नाही असंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लवकर आली. दार लोटलं, जिना उतरून खालपर्यंत जाऊन आली आणि मशीनवर बसली. बायका यायला लागल्या. कॉलरवाली आली तेव्हा दारवालीचा हात सवयीनं गळ्याशी गेला. गळा मोकळा होता.

"उघडं आहे ग पोरी," ती म्हणाली, "मी आत्ताच बघून आले."

पोरगी थांबली नाही. दारवालीच्या समोरून ती दाराशी गेली आणि दोन्ही हातांनी दार स्वतः लोटून बघितलं.