सवलत माझ्या नावाची

माझा नवरा बांगलादेशच्या लढाईत कामी आला तेव्हा मी विशीत होते. लग्नाला जेमतेम तीन वर्षं झालेली, त्यातही तो रजेवर आला तेवढाच काय तो सहवास. मूलबाळ नव्हतं.

माझं माहेर कोल्हारजवळच्या वाडीवरचं, प्रवरेकाठचं. तिथं शाळा सातवीपर्यंत होती, म्हणून मी सातवी शिकले. शाळा पुढं असती तर पुढंही शिकले असते. सासर जामखेड तालुक्यात, कोरडवाहू मुलखात. घरात सासू-सासरे, थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांचा मुलगा. तो तेव्हा तिसरीत होता. सासरे स्वतः जुने फौजी. इंग्रजांच्या अमदानीत मोठ्या लढाईवर जाऊन आलेले. बोलणं कमी आणि चालणं ताठ.

बातमी आल्यावर पंधरा दिवस गाव आमच्या ओट्यावर होतं. नंतर तालुक्याला सत्कार झाला. शाल, नारळ आणि शिलाई मशीन. त्या वर्षी ज्या ज्या बाईचा नवरा गेला तिला शिलाई मशीन मिळालं. नवरा गेला की बाईला शिवण आपोआप येतं, असं देणाऱ्यांना वाटत असावं. मला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा. ते मशीन घरी आलं आणि जाऊबाई त्यावर शिकल्या, मी त्याला हात लावला नाही.

त्याच सत्कारात एका अधिकाऱ्यानं माईकवरून वाचून दाखवलं, की लढाईत कामी आलेल्या जवानाच्या पत्नीला आणि मुलांना शिक्षणाची सवलत आहे. फी माफ, पुस्तकं, नगरला राहायची सोय. मी त्यातला ‘पत्नीला’ हा शब्द ऐकला. आमच्या घरच्यांनी ‘मुलांना’ हा शब्द ऐकला.

उन्हाळ्यात एका दुपारी थोरल्या दिरांनी विषय काढला. मी भाकरी थापत होते. ते दाराशी बसून सासूबाईंशी बोलत होते, पण बोलणं माझ्यासाठी होतं. माझ्या नावावरची सवलत वाया चाललीय, मला पोर नाही, त्यांच्या पोराला मी दत्तक घ्यावं, तालुक्याच्या वकिलानं होईल म्हणून सांगितलंय, पोरगा नगरला शिकेल, पुढं अफसर होईल आणि भावाचं नावही राहील. सगळं नीट मांडलेलं होतं. जाऊबाई आत धान्य पाखडत होत्या, त्यांचं सूप थांबलं होतं.

पोरगा गोड होता. माझ्या पाठीशी झोपायचा. त्याला नाही म्हणणं सोपं नव्हतं, आणि सोपं होतं असं मी आजही म्हणत नाही. पण भाकरी तव्यावर टाकताना मला एक गोष्ट लख्ख दिसली. या घरात माझ्या नावाचं म्हणून जे काही पहिल्यांदा आलं होतं, ते माझ्या हातात पडायच्या आधीच दुसऱ्याला देऊन झालं होतं. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

सासरे म्हणाले, नगरला सैनिकांच्या कचेरीत जाऊन चौकशी करू, सूनबाईला बरोबर न्यावं लागेल. मी मुकाट्यानं एसटीत बसले.

कचेरीत एक निवृत्त फौजी अधिकारी होते. सासरे त्यांच्यासमोर टाचा जुळवून उभे राहिले ते बसेचनात. साहेबांनीच दोनदा सांगितलं तेव्हा खुर्चीच्या कडेवर टेकले. मग त्यांनी अडखळत हकीकत सांगितली. दत्तकाचंही सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की ते नंतर पाहू, पण सध्या जवानाला मुलं नाहीत, मग शिक्षण कुणाचं?

प्रश्न सासऱ्यांना होता. उत्तर मी दिलं.

“माझं.”

सासऱ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. घरात मी त्यांच्यासमोर पदर सारखा केल्याशिवाय उभीही राहत नसे. शेजारचा कारकून हसला. म्हणाला, “बाई, आठवीत बसणार का तुम्ही, बारक्या पोरींच्यात?”

“बसायला जागा असंल तर बसंन. न्हाई तर उभी ऱ्हाईन.”

साहेब हसले नाहीत. सातवीचा दाखला आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. दाखला मी चोळीत घालून आणला होता. कुणाला न सांगता. त्यांनी तो पाहिला आणि सासऱ्यांना म्हणाले, “यांचा हक्क आहे. जूनपासून यांना शाळेत पाठवा.”

सासरे उठून पुन्हा ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “जी साब.”

परतीच्या गाडीत ते माझ्यापासून दोन बाकं पुढं जाऊन बसले. मला वाटलं, घरी गेल्यावर काही खरं नाही. घरी दिरांनी ऐकलं आणि ते तडकले. रांडमुंड बाई शहरात एकटी राहणार, लोक शेण घालतील तोंडात, असं बरंच बोलले. सासरे पाय धुऊन आले. त्यांनी पागोटं खुंटीला लावलं आणि म्हणाले, “साहेबानं सांगितलंय. हुकूम हाय.”

“आन् आपण काय म्हनायचं?” दिरांनी विचारलं.

“हुकमावर काय म्हनायचं आसतं व्हय?”

विषय तिथं संपला. लोकांना वाटतं, सासऱ्यांना माझं पटलं. तसं काही नव्हतं. बाईनं शिकावं असं त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पण आयुष्यभर ज्या सवयीनं ते वागले, तीच त्या दिवशी माझ्या कामी आली, आणि मी ती येऊ दिली.

जूनमध्ये नगरच्या एका मुलींच्या शाळेत मी आठवीत बसले. मुख्याध्यापिका ख्रिस्ती होत्या, शिस्तीच्या. त्यांनी मला गणवेश माफ केला, पांढऱ्या साडीवर चालेल म्हणाल्या, पण उशीर चालणार नाही. मुली मला आधी ‘बाई’ म्हणायच्या, मी शिक्षिका आहे असं समजून. मग ‘काकू’ म्हणायला लागल्या. इंग्रजीचा धडा वाचताना माझी जीभ अडायची आणि त्या फिदीफिदी हसायच्या. मी तोच धडा वसतिगृहात भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणायचे, इतका की खोलीतल्या बाकीच्यांनाही पाठ झाला.

पहिल्या सहामाहीतच एका मुलीची आई तक्रार घेऊन आली. तिच्या मुलीशेजारी विधवा बाई बसते, मुलगी उपवर होत चाललीय, आणि वर ही बाई फुकट शिकते म्हणे. मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. मला वाटतं त्या मला मागच्या बाकावर एकटं बसायला सांगणार होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी त्या आईला म्हटलं, “मी फुकट शिकत नाही, बाई. माझ्या बाकासाठी आमच्या घरातला माणूस गेलाय. तुमच्या मुलीला जागा बदलायची असेल तर तिनं बदलावी.”

आवाज चढला नव्हता. मुख्याध्यापिका त्या बाईंकडे पाहून म्हणाल्या, की आमच्या शाळेत बाकाची अदलाबदल पालक ठरवत नाहीत. मुलगी माझ्याशेजारीच राहिली. वर्षाच्या शेवटी तिनं मला भूमिती शिकवली.

ते दुष्काळाचं साल होतं. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर घर रिकामं. सगळी रस्त्याच्या कामावर गेलेली. मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिकडं गेले. जाऊबाई उन्हात बसून खडी फोडत होत्या. हाताला चिंध्या बांधलेल्या. मी शेजारी बसले आणि हातोडी घेतली. त्या खडीवरची नजर न काढता बोलल्या, “साळंत हेबी शिकवत्यात का?”

“न्हाई,” मी म्हणाले. “हे मला आदीपास्नं येतं.”

सुट्टीभर मी तिथं जात राहिले. त्यांनी मला ये म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. त्यांचा पोरगा आमच्या दोघींच्या मध्ये बसून लहान खडे गोळा करायचा. तो काळ सांगू लागले की लोकांना वाटतं, मी आता म्हणेन की तेव्हा माझा निश्चय डळमळला. नाही डळमळला. खडी फोडतानाही मी मनात समीकरणं सोडवत होते.

पुढं अकरावीचं मॅट्रिक जाऊन दहावी आली, त्या पहिल्याच तुकडीत मी पास झाले. मग डी.एड. केलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. आमच्याच तालुक्यात. तीस वर्षांच्या वर शिकवलं. पोरगा गावात सातवीपर्यंत शिकला. मी नोकरीला लागल्यावर त्याला माझ्याकडे ठेवून घेते म्हणाले, तर दिरांनी पाठवलं नाही. मानाचा प्रश्न केला. मोठा झाल्यावर तो सुप्याला कारखान्यात गेला. माझ्याशी नीट बोलतो, येतो-जातो. जाऊबाई मात्र लग्नकार्यात चार बायकांत अजून म्हणतात, “माज्या लेकराचं शिक्षान हिनं घेतलं.” मी वाद घालत नाही. एकदाच म्हणाले होते, “मी माजं घेतलं.” त्यावर त्या उठून गेल्या.

मी निवृत्त झाले तेव्हा शाळेनं निरोपाचा कार्यक्रम केला. गावातले एक पुढारी भाषणाला उभे राहिले. बाईंनी आपल्या शहीद पतीचं स्वप्न पूर्ण केलं, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. असे समारंभ मी पुष्कळ पाहिले होते आणि दरवेळी हे वाक्य गिळलं होतं. माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी सांगितलं, की माझा नवरा चांगला माणूस होता, हसरा होता, त्याला मटण आणि कुस्त्या आवडायच्या. मी शिकावं असं तो मला कधीच म्हणाला नाही. त्याच्या ते डोक्यातही आलं नसेल. त्यात त्याचा दोष नाही. पण शिकायचं मला होतं.

पुढारी खुर्चीत हलले. पहिल्या रांगेत जाऊबाई बसल्या होत्या, माझ्याकडे एकटक बघत. मी भाषण पुढं चालू ठेवलं.