उल्कानचा कोट

बायकांच्या छातीची तपासणी करणारी गाडी आमच्याकडे दरवर्षी येते, असं सरकारी कागदावर आहे. ते खोटं नाही. जुलैत येते, घाटाखालच्या मोठ्या गावात दोन दिवस थांबते आणि जाते. जुलैत आमच्या बायका वरच्या कुरणांवर घोड्यांच्या धारा काढत असतात. त्या खाली उतरतात तोवर ऑक्टोबर लागतो. मग त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहायचं. ते लिहून लिहून कालिपा-एजे थकली. ती गावची नर्स, सगळे तिला एजे, म्हणजे ताई म्हणतात; मी तिच्या दवाखान्यात झाडलोट करते. गाडी ऑक्टोबरात पाठवा म्हणून तिने किती अर्ज केले, पण उत्तर एकच: बर्फ सुरू होतं, घाटाचा भरवसा नाही. त्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं. तिची सख्खी बहीण राजधानीत राहते. तिला तपासणीची आठवण फोनवर येते, आणि ती जेवणाच्या सुट्टीत जाऊन येते.

यंदा मे महिन्यात उल्कानच्या छातीत एजेच्या बोटांना गाठ लागली. उल्कान म्हणजे जुमाबेकची बायको, शेहेचाळीस वर्षांची. गाठ दोन वर्षांपासून होती, बाईने कोणाला सांगितली नव्हती. नुसत्या बोटांनी कळत नाही, गाडीत फोटो काढावाच लागेल, असं एजेने बजावलं. उल्कानने मान हलवली आणि घोड्या घेऊन वर निघून गेली.

गाडी येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी तिच्या तंबूवर पोचलो. घोडीची धार दर दोन तासांनी काढावी लागते. खंड पडला की दूध आटतं, आणि त्या दुधाचं आंबवलेलं कुमिस विकलं नाही तर हिवाळा कशावर काढायचा? सासूचे गुडघे गेलेले, मुलगी शहरात शिकायला. जुमाबेक फक्त शिंगरू धरतो. धार काढणं म्हणे बायकांचं काम. देवाने त्यालाही दोन हात दिलेत, पण सांगणार कोण?

“मी गेले तर धारा कोण काढणार? तू?” उल्कानने खवचटपणे विचारलं.

“मी.”

“परक्या बाईला पान्हा सोडत नाहीत त्या, एजे. लाथ घालतील.”

“मग तुझा कोट दे. डोक्याचा रुमालही दे.”

उल्कान शेजाऱ्याच्या ट्रकमधून खाली गाडीकडे गेली. दुधाचा, धुराचा, घामाचा वास मारणारा तो कोट घालून एजे एका गुडघ्यावर बसली. पहिल्या घोडीने बादली उडवली. दुसरीने कोट हुंगला, बराच वेळ हुंगला, आणि पान्हा सोडला. दोन दिवसांत एजेची बोटं सुजून गेली.

तिसऱ्या दिवशी उल्कान परतली. तिने आधी शिंगरं मोजली, मग कागद पुढे केला. गाठ चांगली दिसत नव्हती. राजधानीत जाऊन गाठीचा तुकडा काढून तपासायचा होता, किती दिवस लागतील कोणी सांगितलं नव्हतं.

“धारा संपल्या की जाईन, शरदात,” ती म्हणाली. “आण माझा कोट.”

एजेने बटणं काढली नाहीत. “कोट राहू दे माझ्या अंगावर. माझा घालून जा तू, आजच. बहिणीला फोन करते मी.”

उल्कान तिथेच गवतावर बसली आणि रडली. मलाही रडू आलं.

यादी भरायला मी एकटीच खाली आले. एजेने सांगितल्याप्रमाणे उल्कानपुढे ‘हजर’ लिहिलं, डोंगरावरच्या बाकीच्या तीस जणींपुढे नेहमीचंच. यादीच्या शेवटी एक नाव उरलं: कालिपा, वय चौपन्न. दरवर्षी त्या गाडीत सगळ्यांत आधी तीच चढते. यंदा तिच्यापुढेही मी ‘गैरहजर’ लिहिलं.