अध्यक्षबाईंचा निर्णय

विनी कोलबर्नला आमच्या गावात दोन नावं आहेत. वर्षभर ती नुसती विनी. मार्चमधल्या पहिल्या मंगळवारी, गावसभेच्या दिवशी, मात्र ती अध्यक्षबाई. त्या दिवशी सभा संपेपर्यंत तिला विनी म्हणण्याची माझीही छाती होत नाही, आणि मी तर तिच्या बागेतले रुबार्बचे आंबट देठ न विचारता तोडणारी शेजारीण आहे.

आमच्या ईस्ट हॅल्सीत रस्ता, पूल, बर्फ काढायची गाडी, सगळं गाव हॉलमध्ये जमून हात वर करून ठरवतं. व्हरमाँटच्या या डोंगरांत अमेरिकेची राज्यघटना लिहिली जाण्याआधीपासून असंच चाललंय. विनी शाळेत तीच राज्यघटना शिकवायची. एखाद्या पोराला स्वतःच्या खुर्चीत बसवायची आणि वर्गाला विचारायची, "आता हा आपला राजा झाला का?"

"नाही!"

"का नाही?"

"आम्हीच बसवलं, आम्ही उठवू शकतो!"

मग वर्ग त्याला उठवायचा. माझा मुलगा शाळेतलं बाकी सगळं विसरलाय, एवढं मात्र त्याला पक्कं आठवतं.

सभेत विनीचे नियम कडक. बोलायचं ते खुर्चीला उद्देशून, शेजाऱ्यावर तोंड टाकायचं नाही. एका ठरावावर एकाने एकदाच बोलायचं. सख्ख्या भावाला तिने भर वाक्यात खाली बसवलंय, पुढच्या ईस्टरला तो तिच्याकडे जेवायला आला नाही. आणि दर वर्षी सुरुवातीला ती एक वाक्य म्हणते: "या खुर्चीचा निर्णय चुकला असं वाटलं, तर सभा तो फिरवू शकते." आम्ही ते कोट काढता काढता ऐकायचो. फिरवला कधीच कुणी नव्हता.

तिचा नवरा ऑरिन दर वर्षी एकाच ठरावावर उठायचा. गावाबाहेरचा छपराचा लाकडी पूल दुरुस्त करावा, पाडू नये. त्याच्या आजोबांनी त्या पुलात बर्फावरून घसरून गायीसकट लोटांगण घातलं होतं, तो किस्सा तो हमखास सांगायचा. मग अरमांड गान्यों उठायचा. त्याच्या दुधाचा टँकर त्या पुलातून जात नाही, लांबचा वळसा पडतो. त्याला सिमेंटचा पूल हवा. दोघांची ही कुस्ती बघायलाच अर्धं गाव यायचं. घरी ऑरिन बायकोला लाडाने अध्यक्षबाईच म्हणायचा. "अध्यक्षबाई, बटाटे वाढण्याची परवानगी आहे का?"

गेल्या हिवाळ्यापासून ऑरिन विसरायला लागला. आधी चाव्या, मग माझं नाव. सभेच्या आदल्या आठवड्यात गावच्या पंचांपैकी एकजण विनीला समजवायला आला. मी तिथेच होते, पावाचं पीठ मळत.

"विनी, या वर्षी त्याला घरीच ठेव. उगीच चारचौघांत त्याचं हसं व्हायला नको."

"तो मतदार आहे," विनी म्हणाली. "त्याला ठेवणारी मी कोण?"

"बायको आहेस तू त्याची!"

"म्हणूनच."

तो गेल्यावर ती खिडकीशी उभी राहिली. "हसतील का गं त्याला?" तिने विचारलं. मी पीठ नको इतकं मळत राहिले.

सभेला मी मुद्दाम ऑरिनच्या शेजारी बसले. पुलाचा ठराव आला आणि तो उठला. काय बोलला! एक शब्द चुकला नाही. गाय घसरली, गाव हसलं. अरमांडने उत्तर दिलं, आणखी दोघं बोलले. माझा जीव भांड्यात पडतोय, तोच ऑरिन पुन्हा उठला.

"अध्यक्षबाई, मला या पुलाबद्दल थोडं बोलायचंय."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी वळून असं बघितलं की तो अजून मला वाटेत टाळतो.

विनीने टेबलावरचा लाकडी हातोडा उचलला, पण आपटला नाही. "मिस्टर कोलबर्न, या ठरावावर आपलं बोलून झालंय. कृपया बसा."

"नाही हो. मी आत्ता तर उठलोय." त्याने आजूबाजूला पाहिलं, मग माझ्याकडे वाकला. "मी बोललो का?"

मी त्याच्या कोटाची बाही धरली.

विनीने त्याला बोलू दिलं असतं तर कुणी चकार शब्द काढला नसता. पण सख्ख्या भावाला बसवणारी बाई नवऱ्यासाठी नियम वाकवते, हे तिचं तिलाच सोसलं नसतं. "नियम सगळ्यांना एकच आहे, मिस्टर कोलबर्न," ती म्हणाली आणि शेवटी तिचा आवाज फाटला. ऑरिन उभाच. हातातली टोपी चुरगाळत.

तेव्हा अरमांड उठला.

"अध्यक्षबाई, तुमचा निर्णय मला मान्य नाही. मी सभेकडे दाद मागतो."

"कशाच्या आधारावर, मिस्टर गान्यों?"

"तुम्हीच दर वर्षी सांगता ना, फिरवता येतो म्हणून? मग फिरवायचाय."

अनुमोदनाला अख्ख्या रांगा उठल्या. विनीने चष्मा पुसला आणि नेहमीच्या पद्धतीने मत घेतलं. निर्णय कायम ठेवावा असं म्हणणारे? हॉलमध्ये चिडीचूप. फिरवावा म्हणणारे? मी आयुष्यात इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते.

"सभेने खुर्चीचा निर्णय फिरवला आहे," विनी म्हणाली. हरल्यावर इतकं सुखावलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. "मिस्टर कोलबर्न, बोला. सभा ऐकते आहे."

ऑरिन तेच बोलला. तीच गाय त्याच पुलात घसरली, आणि आम्ही तिथेच हसलो, आधीपेक्षा जास्त. मला मात्र हसता हसता रडू आलं.

मतदान झालं, पूल वाचला. अरमांडने हात विरोधातच वर केला होता. सभेनंतरच्या गावजेवणाच्या रांगेत मी त्याला छेडलं, "काय रे, एवढी वकिली केलीस आणि मत उलटं?"

"त्याला बोलू द्या म्हणालो होतो, थेल्मा. पटलं कुठे म्हणालो? आणि तुझ्या त्या घेवड्यात आज मेपलचा गोड पाक जरा जास्तच ओतलायस."

विनी हॉलच्या स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून आधीच स्वच्छ असलेली थाळी विसळत होती. ऑरिन आपली ताटली घेऊन आत आला.

"अध्यक्षबाई, आज म्हणे सभेने तुमचा निर्णय फिरवला?"

"हो."

"कुणासाठी?"

विनीने नळ बंद केला. "एक मतदार होता. त्याला अजून बोलायचं होतं."

"मग बरं केलं लोकांनी," ऑरिन म्हणाला, आणि रुमाल घेऊन तिची थाळी पुसायला लागला. "माणसाचं ऐकून घ्यायला हवं."