धुणार कोण?

हुसेनभाईंच्या दुकानात जाऊन चादर मागितली, तर चादर लगेच मिळत नसे. आधी ते गिऱ्हाइकाला बाकावर बसवत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "धुणार कोण?"

मग, "वाळवणार कुटं?"

आणि सगळ्यात शेवटी, "झोपणार कोण?"

या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाल्याशिवाय त्यांचा हात फळीकडे जात नसे. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीची दुकानं संपली की डावीकडे एक अरुंद गल्ली लागते, तिथे त्यांचं गादी-चादरींचं दुकान होतं. पाटीवरची अक्षरं कधीच उडाली होती. पण पत्ता कुणी विचारत नसे, कारण गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांचा आवाज ऐकू येई.

मी पहिल्यांदा गेले ती नवी नवरी म्हणून. माझी नोकरी वडगावच्या तहसील कचेरीत. दिवसभर लोकांना "याला रहिवासी दाखला जोडा, त्यावर सही आणा" असं सुनावायची मला सवय होती. आपली कुणी अशी उलटतपासणी घ्यावी, ही गोष्ट नवी होती. मला पांढऱ्याशुभ्र चादरी हव्या होत्या. खंडाळ्याच्या एका हॉटेलात मैत्रिणीच्या लग्नासाठी दोन दिवस राहिले होते, तिथे पाहिल्या होत्या तशा.

"ताई, हाटेलात चादर धुवायला चार मानसं अन् वाळवायला मशिनी. तुमच्या घरी किती?"

"मी एकटी."

"अन् मशीन?"

"घ्यायचंय."

"मंग पांढरी नगं," असं म्हणून त्यांनी विषयच संपवला.

मला चांगलाच राग आला. पैसे माझे, पलंग माझा, आणि हे कोण ठरवणार? तरातरा बाहेर पडले आणि पुण्याहून पांढऱ्या चादरी आणल्या. श्रावण संपेपर्यंत त्यांवर काळे ठिपके उठले होते. आमच्या घरात तेव्हा धुकं दारावर टकटक न करता आत येई आणि चादरी पाच-पाच दिवस दोरीवर लोंबत. सहाव्या दिवशी त्यांना ओल्या सतरंजीचा वास यायचा. नवरा, म्हणजे विलास, झोपताना तोंड भिंतीकडे करी.

मुकाट्याने परत गल्लीत गेले. "सांगितलं नव्हतं?" हे वाक्य ऐकायची तयारी करून गेले होते, पण ते आलंच नाही. हुसेनभाईंनी तीन चादरी काढल्या, तिन्हींचं एकेक टोक तांब्यात बुडवलं, पंख्याखालच्या दोरीवर टाकल्या आणि समोरून चहा मागवला.

"च्या संपेस्तवर जी वाळंल ती तुमची."

जाड सुती चादर ठिबकत राहिली. मधली पातळ, सूत आणि टेरिनच्या मिश्रणाची, गडद निळ्या फुलांची, जवळजवळ कोरडी झाली. भिंतीवर त्यांच्या वडिलांची कापूस पिंजायची धनुकली टांगलेली होती. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "आमी पिंजारी. बापजाद्यांनी जलमभर कापूसच पिंजला, म्हणून तेचा सोभाव मला ठावं. लय मायाळू. पण पाणी प्याला की जागचा हलत न्हाई. हितल्या हवेत तेच्या नादी लागायचं न्हाई."

कापसावर वाढलेला माणूस कापसाबद्दल असं बोलतो म्हटल्यावर माझा विश्वासच बसला. त्या दिवसापासून मी त्यांची कायमची गिऱ्हाईक झाले, आणि आमच्या इमारतीतल्या निम्म्या बायकांना मीच तिथे पाठवलं.

त्यांच्या मतांना अंत नव्हता. इस्त्री लागणाऱ्या चादरीला ते "पावणीबाई" म्हणत. झालरवाल्या पलंगपोसाबद्दल विचारलं तर, "ही बघायची चादर हाय. झोपायची दावू का?" गुबगुबीत ब्लँकेटावर त्यांचा विशेष राग. "कोरडं हाय तवर ठीक. वलं झालं की दोन मानसं लागत्यात उचलायला." ही ब्लँकेटं त्यांच्याच दुकानात ढिगाने होती, हे विशेष. बोलता बोलता स्वतःचाच माल ते इतका खाली पाडत, की हा माणूस पोट कसं भरतो असा प्रश्न मला पडे.

एकदा मी तिथेच असताना एक बंगलेवाले आले. खंडाळ्याला बारा खोल्यांचा बंगला, भाड्याने द्यायचा, त्यासाठी जाडजूड पांढऱ्या चादरी एकदमच हव्या होत्या. मोठी ऑर्डर. हुसेनभाईंनी विचारलं, "धुणार कोण?"

"आहे ना एक बाई."

"तिला घेऊन या."

"तिला कशाला? विकत मी घेतोय."

हुसेनभाई उठले. बादलीत पाणी घेतलं, एक जाड चादर त्यात बुडवली आणि बादली साहेबांसमोर ठेवली. "पिळून बघा. बारा खोल्या म्हंजे अशा चोवीस."

साहेब हसले. मग बाही मागे सारून त्यांनी खरंच चादर उचलली. अर्धं पाणी बुटांत गेलं. दुसऱ्या पिळाला त्यांनी मनगट झटकलं आणि चादर बादलीत टाकून, ओल्या बुटांनी पचपच करत निघून गेले. ऑर्डर गेली ती गेलीच. मी म्हटलं, "हुसेनभाई, असं कुणी धंदा करतं का?"

"गेलं तर गेलं," ते जमीन पुसत म्हणाले. "पर त्या बाईचं मनगट कळलं तेला."

पुढे माझ्या सासूबाई गेल्या आणि आबा, माझे सासरे, पवन मावळातल्या गावाहून आमच्याकडे राहायला आले. म्हणजे आम्ही आणले. सासूबाईंनंतर ते गावच्या घरात एकटेच होते आणि गोठ्याजवळ पाय घसरून पडले होते. शेजाऱ्यांना कळलं ते दोन तासांनी. पुन्हा असं झालं तर, या विचाराने विलासची झोप उडाली होती.

पण आबा आमच्याकडे रमेनात. आठवडाभरातच "मी गावाकडं जातो" सुरू झालं. कारण विचारलं की खिडकीबाहेर बघत. विलास म्हणे, "गाव सुटत नाही त्यांना, दुसरं काय." मला वाटलं, बिछाना टोचत असेल. चांगली जाड गादी आणि ऊबदार रजई घ्यावी म्हणून मी हुसेनभाईंकडे गेले. तिसऱ्या प्रश्नाला मी "आमचे आबा, पण ते राहायलाच तयार नाहीत" म्हटल्यावर त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"रजई ऱ्हाऊ द्या. आबांनाच घेऊन या."

रविवारी आबांना घेऊन गेले. हुसेनभाईंनी त्यांना बाकावर आपल्या शेजारी बसवलं आणि मला म्हणाले, "ताई, तुमी भाजी घेऊन या. आमा म्हाताऱ्यांची जरा वळख व्हऊ द्या."

भाजी घेऊन आले तर आबा बादलीवर वाकून एक पातळ चादर पिळत होते. धोतर भिजलेलं आणि चेहऱ्यावर हसू. सासूबाई गेल्यापासून ते हसू मी पाहिलं नव्हतं. "जमतंय की," ते म्हणत होते. बाकावर दोरीने बांधलेलं एक गाठोडं तयार होतं.

"हे आबांचं," हुसेनभाई म्हणाले. "सोडायचं बी त्येंनीच."

दुसऱ्या दिवसापासून आबा सकाळी स्वतःची चादर स्वतः धुऊ लागले. मी स्वयंपाकघरात येईपर्यंत मागच्या गॅलरीत ती वाळत पडलेली असे. सहा चादरी, सगळ्या गडद रंगाच्या, बारीक नक्षीच्या, हलक्या. रोज एक. गावाकडे जायचं नाव बंद झालं. मला हायसं वाटलं, आणि थोडं हसूही आलं, की म्हातारपणी माणूस किती टापटिपीचा होतो!

सगळं ठीक चाललं असतं. पण जिन्यात शेजारीण म्हणाली, "सासऱ्यांना धुणं धुवायला लावता होय?" ते मला लागलं. एका शनिवारी आबा दूध आणायला खाली गेले असताना मी त्यांच्या बादलीतली चादर उचलून मशीनमध्ये टाकली. गादी उन्हाला लावावी म्हणून उचलायला गेले, तर वर मेणकापड अंथरलेलं. लोणावळ्यात ओल भिंतीतूनही येते, त्यासाठीच दिलं असेल हुसेनभाईंनी, असं मला वाटलं. खरंच असं वाटलं. मी ते ओल्या फडक्याने पुसलं आणि ऊन चांगलं होतं म्हणून पुढच्या, रस्त्याकडच्या गॅलरीत कठड्यावर पसरलं.

आबा वर आले. दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. खोलीत गेले आणि पिशवी भरू लागले.

"आबा, काय झालं?"

"दुपारच्या यष्टीनं जातो."

विलास कामावर होता. मी पायात चप्पल सरकवली आणि तडक गल्ली गाठली. सगळं सांगितलं. शेजारीण, मशीन, चादर, मेणकापड.

"मेणकापड कुटं वाळत घातलं?" हुसेनभाईंनी विचारलं.

"पुढच्या गॅलरीत."

त्यांनी डोळे मिटले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी उठून त्यांनी अर्धं शटर ओढलं.

"ताई, तुमी मला लेकीसारख्या. आबांचं मी काय सांगणार न्हाई. माझं सांगतो. मला दोन वर्सं झाली, सकाळी उठतो तवा चादर वली असती. डाक्टरला दावलं, म्हनला वयानं व्हतं. घरात सून हाय, लय गुणाची हाय. पण तिला ठावं न्हाई. मी तिला कळू देत न्हाई. रोज तिच्या आदी उठतो, धुतो, वाळत घालतो. दुकानातल्या समद्या चादरी धुऊन बघितल्या मी, कंची माझ्या हातानं पिळती अन् कंची ती उठायच्या आत निथळती. त्या सा चादरी मी माझ्यासाठी निवडल्या व्हत्या."

ते हे मान खाली न घालता बोलले. मान माझी खाली गेली. रोज शंभर माणसांची कागदपत्रं तपासणाऱ्या बाईला घरातलं एवढंही वाचता आलं नव्हतं.

"आता रडत बसू नका. जावा, ते आदी काढा कठड्यावरनं."

मी गेले. मेणकापड काढलं, घडी केली, आबांच्या गादीवर होतं तसं अंथरलं, वर त्यांचीच एक कोरडी चादर घातली. आबा पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते. काय बोलावं ते वाटेत ठरवलेलं सगळं विसरले. आमच्या पलंगावरचे उशांचे अभ्रे काढले आणि त्यांच्यासमोर धरले.

"आबा, तुमच्या कामात हात घातला, चुकलं माझं. मशीन अभ्रे नीट धूत नाही. उद्या तुमच्या चादरीबरोबर हे घ्याल का?"

त्यांनी एक अभ्रा हातात घेऊन उलटापालटा केला.

"पांडरे हायेत. साबण जादा लागंल," ते म्हणाले आणि पिशवी खाली ठेवली.

याला आता तीन वर्षं झाली. आबांचं धुणं इतकं चोख, की विलासच्या शर्टाच्या कॉलरवरून ते मला ऐकवतात. शेजारणीला मी सांगून टाकलं, की आमच्याकडे धुण्याचं खातं आबांकडे आहे, आणि ते कुणाला हात लावू देत नाहीत.

हुसेनभाई गेल्या हिवाळ्यात गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. आबा काठी टेकत कब्रस्तानापर्यंत चालत गेले, कुणाचं ऐकलं नाही. परत आले, पाय धुतले आणि मागच्या गॅलरीत चादरीच्या सावलीला बसले. मी चहा नेऊन दिला.

"गोष्ट पोटात ठेवणारा माणूस व्हता," आबा म्हणाले. "माझी एक त्येला ठावी व्हती. मरेस्तवर कुणाजवळ बोलला न्हाई."

"नाही बोलले, आबा," मी म्हणाले.

आणि ते खरंच होतं. माझ्यासमोर त्यांनी फक्त स्वतःची गोष्ट सांगितली होती.