चाळीस डब्यांचं बेणं

पाथर्डीच्या बाजारतळामागे एका शिक्षण संस्थेचा कॉम्प्युटर हॉल आहे. तिथे चाळीस पडदे आहेत आणि प्रत्येक पडद्यामागे जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी. तिचं खरं नाव थिन क्लायंट. हॉलमध्ये मात्र सगळे डबाच म्हणतात. हे चाळीस डबे रोहिणी सांभाळते.

रोहिणी ऊसतोडणीला जाणाऱ्या भिमाजी आणि लंकाबाईची मुलगी. आठ वर्षांची होईपर्यंत ती दर दिवाळीनंतर आईबापाबरोबर कारखान्यावर जायची. पुढे शाळेसाठी मावशीकडे राहिली. डिप्लोमा केला, नागापूरच्या एका कारखान्यात तीन वर्षं कॉम्प्युटर सांभाळले. त्याच काळात, दिवाळीला गावी आली असताना, भरतीची ऑनलाइन परीक्षा आली. केंद्र नगरला. पहाटेची जीप करंजीच्या घाटात बंद पडली आणि ती दहा मिनिटं उशिरा पोहोचली. गेट लागलं होतं. बाहेर तिच्यासारख्याच आणखी चार मुली उभ्या होत्या.

पुढे ती या हॉलवर कामाला लागली. संस्थेने पाथर्डीत परीक्षा केंद्र मिळावं म्हणून अर्ज केला, तेव्हा रोहिणीने तो स्वतःचाच अर्ज मानला. तपासणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ठरली. अटी सरळ होत्या. चाळीसही डबे एकदम सुरू झाले पाहिजेत, पडदा कोरा निळा हवा, त्यावर कसलंही चित्र चालणार नाही. नापास झालं तर केंद्र दुसऱ्या तालुक्याला जाणार होतं.

प्रत्येक डब्याची तयारी वेगळी करावी लागत नाही. एक डबा मनासारखा तयार करायचा, त्याची जशीच्या तशी नक्कल सर्व्हरवर घ्यायची आणि ती बाकीच्यांना एकामागून एक पाठवायची. या नकलेला इमेज म्हणतात. पुढे कोणी डब्यात काहीही बदललं, तरी बंद करून चालू केला की तो पुन्हा इमेजसारखाच होतो. रोहिणीने हे घरी समजावलं तेव्हा लंकाबाई म्हणाली, "मंजी उसाच्या बेन्यासारखंच की. डोळा बघून कांडी घ्यायची, न्हाई तर समदा सरा तसाच उगवतो."

खंडेनवमीला दुपारपर्यंत रोहिणीने पहिला डबा तयार केला, त्यावर 'मुख्य' अशी चिठ्ठी चिकटवली. पाच वाजता नक्कल आपोआप घेतली जाईल आणि सगळ्यांना जाईल, अशी वेळ लावून ठेवली. घरी कोयत्यांची पूजा खोळंबली होती. घाईत निघताना तिने त्या डब्याला पासवर्डचं कुलूप घातलं नाही.

चार वाजता हॉलचे व्यवस्थापक काकासाहेब पूजेचं ताट घेऊन आले. चाळीस डब्यांना हळदकुंकू वाहणं जमण्यासारखं नव्हतं. 'मुख्य' चिठ्ठी बघून त्यांना बरं वाटलं. मुख्याची पूजा केली की सगळ्यांना पोचते, असा त्यांचा हिशेब. पडदा उघडाच होता. त्यांनी मोबाईलमधला मोहटादेवीचा फोटो त्यावर लावला, झेंडूचं फूल वाहिलं, नमस्कार केला आणि हॉल बंद केला.

दसऱ्याची सुट्टी गेली. तपासणीच्या दिवशी साडेनऊ वाजता रोहिणी आली, तर शिपाई कानिफनाथ चपला दाराबाहेर काढून हात जोडून उभा. आत चाळीसही पडद्यांवर देवी. काकासाहेब घामाने भिजलेले.

"तीन वेळा काढली, पोरी," ते हळूच म्हणाले. "डबा बंद करून चालू केला की आई पुन्हा हजर."

काय झालं ते रोहिणीच्या लगेच लक्षात आलं. राग आला, पण कुलूप तिनेच लावलं नव्हतं. तिने त्यांना सांगितलं, की देवी या चाळिसांतून जाणारच नाही. बेणं बदलावं लागेल. नकलेला वीस मिनिटं, पाठवायला चाळीस. अजून वेळ होता. ती मुख्य डब्यापाशी बसली आणि फोटो काढणार, तोच काकासाहेबांनी तिचा हात अडवला.

"आवाहन करून बसवलीय. उत्तरपूजेशिवाय काढता येत नाही."

"काका, अकराला साहेब येतायत."

"दोन मिनिटं दे."

वाद घातला असता तर दहा गेली असती. कानिफनाथ समोरच्या हॉटेलातून मूठभर तांदूळ घेऊन आला. काकासाहेबांनी अक्षता वाहिल्या, पुन्हा या म्हणून देवीला निरोप दिला आणि डबा जरासा हलवला, गणपती हलवतात तसा. मग रोहिणीने फोटो काढला, कुलूप लावलं, दोनदा तपासलं आणि नक्कल घ्यायला लावली.

साहेब वीस मिनिटं आधीच आले. अजून पंधरा डबे बाकी होते. काकासाहेबांनी त्यांना ऑफिसात बसवून संस्थेचा इतिहास सांगायला घेतला. तो पाच मिनिटांत संपतो. त्या दिवशी दुसऱ्या चहापर्यंत पुरला.

अकराला साहेबांनी सगळा हॉल बंद करून चालू करायला सांगितला. रोहिणी पडदे मोजत राहिली. चाळीस कोरे निळे चौकोन उजळले. कानिफनाथने तेव्हा कुठे चपला घातल्या. साहेबांनी पहिल्या डब्यावरचे चार दाणे बोटाने उचलले आणि हे काय म्हणून विचारलं.

"परवा खंडेनवमी झाली ना, साहेब," रोहिणी म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली आणि कागदावर सही केली.

पहिली परीक्षा माघात झाली. मुली न्याहारी करून, निवांत चालत आल्या. तरीही रोहिणी गेट बंद होईपर्यंत रस्त्याकडे बघत उभी होती.

पुढच्या खंडेनवमीला तिने एक बिघडलेला डबा पुसून काकासाहेबांसमोर ठेवला. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. काकासाहेबांनी कुंकू लावलं आणि साशंक होऊन विचारलं, "इथली पूजा सगळ्यांना पोचेल ना?"

"पोचेल, काका," ती म्हणाली. "फक्त दिसणार नाही."