काट्यावर आधी अक्का

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी अक्कांचं नाव घेईन, आणि मग मनातल्या मनात आईवडिलांची माफी मागेन. अक्का म्हणजे चेन्नईत गिंडी भागातल्या दातांच्या डॉक्टर. वाकडे दात तारांनी सरळ करणं हे त्यांचं काम. त्यांच्या खुर्चीशेजारी वजनकाटा असायचा. नवा पेशंट आला की त्या आधी स्वतः चपला काढून काट्यावर चढायच्या. देह भारी, काटा कुरकुरायचा. आपलं वजन बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं सांगायच्या आणि उतरून म्हणायच्या, "सरी. आता तू ये दा."

मी परांड्याच्या शाळेत शिकलो. घराण्यातला पहिला पदवीधर. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले. पण माझे पुढचे दात ओठाबाहेर यायचे आणि अंग लहानपणापासून स्थूल. कंपनीच्या बसमध्ये मी शेवटच्या सीटवर एकटा बसायचो, म्हणजे कुणाला अंग चोरून बसायला नको. बोलताना तोंडापुढे हात धरायची सवय होती. पाहुण्यांना मशीन समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा साहेब म्हणाले, "हात खाली घेऊन बोलता येत नसेल तर दुसऱ्याला सांगतो." म्हणून मी अक्कांकडे गेलो.

अक्का मूळच्या तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, वाक्याचा शेवट तमिळ सुरात वर जाणारा; 'सरी' म्हणजे बरं, 'दा' म्हणजे अरे. काटा बघून मी विचारलं, "दातांना वजन कशाला?" त्या म्हणाल्या, "दात हाडात बसतो, हाड तुझ्या अंगात बसतं. अंग बघितल्याशिवाय दात कसा ढकलू?" वजन जास्त असलं की अंगात एक बारीक धग सतत चालू असते, तारा लागल्या की हिरडी लवकर सुजते, हाडही नेहमीसारखं वागेलच असं नाही, असं त्यांचं म्हणणं. "पुस्तकात अजून नीट नाही. मी आपली तोंडं बघून शिकते आहे," असंही त्या प्रामाणिकपणे सांगायच्या.

मी डोळे मिटून काट्यावर चढलो. अक्कांनी आकडा फक्त माझ्या कानात सांगितला. स्वतःचा मोठ्यानं, दुसऱ्याचा हळू, हा त्यांचा नियम.

काही महिने बरे गेले. मग हिरड्या सुजून तारांवर आल्या, ब्रश लावला की रक्त. त्यात कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावरून कुणी तरी म्हणालं, "गुंडू, तार तरी सोड, सगळंच खातोस?" गुंडू म्हणजे जाड्या. सगळे हसले, मीही हसलो. वजन वाढलं होतं. आता काट्यावर चढायचं, आणि अक्कांना कळणार की त्यांची मेहनत मी खाऊन टाकली, या विचारानं मी जाणंच बंद केलं. फोन आला की सांगायचो, "ऑडिट आहे, अक्का."

एका रविवारी वेलचेरीच्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली. लिफ्ट बंद होती. दारात अक्का, कठड्याला धरून उभ्या, चेहरा घामानं भिजलेला. शेअर ऑटोनं आल्या होत्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तिसरा मजला चढल्या होत्या. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पर्समधून टॉर्च काढला. "ऑडिट संपलं की नाही? तोंड उघड."

स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर मी तोंड उघडलं. त्यांनी एक दात बोटानं हलवून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "तार हलकी करते. सावकाश जाऊ. अजून महिनाभर लपला असतास तर हा दात गेला असता."

"माझं वजन..." मी म्हणालो.

"वजनानं हिरडी सुजते, दा. लाजेनं दात जातो." मग त्या हसल्या. त्यांचे स्वतःचे खालचे दात एकमेकांवर चढलेले होते, ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. "दातांच्या कॉलेजात मीही तारा लावून घ्यायला खुर्चीवर बसायला गेले, तर सगळी मुलं ओरडली, खुर्ची मोडेल! उठले ती परत बसले नाही. म्हणून आता आधी मी चढते. हसायचं त्यांनी मला हसावं."

दात वाचला. तारा निघायला ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला, पण निघाल्या. पाहुण्यांसमोर हात खाली ठेवून बोललो. वजन मात्र फारसं उतरलं नाही. पुढे पुण्याला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा अक्का कुणा मुलीसाठी काट्यावर उभ्या होत्या. तिथूनच हात हलवला.

गेल्या महिन्यात मी त्यांना लिहिलं:

"ती. अक्कांना सा. न.

बहिणीची मुलगी इथे शिकायला आली आहे. तेरा वर्षांची, अंगानं माझ्यावर गेलेली, दातही माझेच. तारा लावायला नेलं. तुम्ही सांगितलं होतं म्हणून मीच डॉक्टरांना म्हटलं, आधी वजन बघा. काटा बाहेर, भरल्या बाकांसमोर होता. पोरगी माझा शर्ट धरून मागे लपली. मी चपला काढल्या आणि आधी चढलो. आकडा मोठ्यानं सांगितला. दोघं-तिघं हसले. कान तापले, पण खाली उतरेपर्यंत मान वर ठेवली.

ती म्हणाली, 'बाप रे मामा, एवढं?' आणि चढली. तिचा आकडा मी तिच्या कानात सांगितला.

माझा इथे लिहायला अजून लाज वाटते. चेन्नईला येईन तेव्हा समोर सांगेन. आधी तुम्ही चढा."