हंबीररावांची म्हैस

आमचे हे, म्हणजे चिकपेटेतले शिंपी हंबीरराव, बढाया मारण्यात अख्ख्या बेंगळूरात पहिले. त्यांचं आजोळ सांगलीकडचं. लहानपणी तिथं कृष्णेच्या पुरात उडी घेऊन यांनी म्हणे म्हैस वाचवली. ती म्हैस मी लग्नाच्या पंगतीतच पहिल्यांदा ऐकली. पुढं गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घेतानाही ती निघायची. मी म्हणायची, "अहो, त्या म्हशीला एकदाची गोठ्यात बांधा!" पण ती खोटी असेल असं माझ्या कधी मनातही आलं नाही.

पंच्याण्णव सालची गोष्ट. आमचा मुलगा संतोषकुमार पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होता. त्याच्या मालकांची शिडाची होडी शहराबाहेर, एका लहानशा गावच्या तलावावर असायची. एका रविवारी ती आम्हाला मिळाली. आम्ही दोघं, संतोष, सून रूपश्री आणि चार वर्षांची नात वाणी. डब्यात चित्रान्न, आणि यांच्या पिशवीत नारळ.

होडीवाल्या मल्लाप्पानं लाइफ जॅकेटं काढली. वाणीला ते एवढं मोठं, की डोक्यावरून निसटून यायचं. मल्लाप्पा म्हणाला, "पोरीला काठावर ठेवा, अण्णा."

"अय्यो! कृष्णेचा पूर पोहलेला आजोबा शेजारी बसलाय की! काढ ते. मलाही नको."

आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ताकसुद्धा फुंकून पिणारी आमची रूपश्री, तीही "सरी, चालेल, मामंजी आहेत ना" म्हणाली.

शीड भरलं, होडी छान चालली. तलावाच्या मध्यावर यांना नारळ आठवला. आमच्यात पाण्याला नारळ दिल्याशिवाय पलीकडे जात नाहीत, आणि त्याला घरातल्या प्रत्येकाचा हात लागावा लागतो. "या रे, हात लावा सगळ्यांनी!" झालं, आम्ही सगळे उठून यांच्या बाजूला. मल्लाप्पा ओरडला, "बसा! उठू नका!" तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि होडी एका अंगावर कलली. नारळ पाण्यात गेला. त्याच्यामागोमाग वाणी गेली.

संतोषला पोहता येत नाही, तो नुसता तिच्या नावानं ओरडत होता. यांनी धोतरासकट उडी घेतली. सुटलो रे देवा, असं मी मनात म्हटलं. खरंच म्हटलं.

पण कुणीच वर येईना. पाणी नुसतं गढूळ होत होतं. मग वाणी वर आली, खोकत, रडत. आणि तिच्याखाली दोन हात. डोकं नाही, खांदे नाहीत, नुसते हात! कात्री धरून वाकडी झालेली ती बोटं मी ओळखली. तिथं पाणी यांच्या डोक्यावरून थोडंसंच होतं. हे तळाच्या चिखलात उभे राहून पोरीला वर धरून होते.

मल्लाप्पानं उडी टाकली. पोरीला संतोषच्या हातात दिलं आणि यांना सदऱ्याला धरून ओढलं.

काठावर हे पाणी ओकत होते. मल्लाप्पा धापा टाकत म्हणाला, "अक्का, यांना पोहता येत नाही."

"काहीतरीच काय बोलतोस!" मी त्याच्यावरच खेकसले. मग यांच्याकडे पाहिलं, तर यांनी मान खाली घातलेली. मी मटकन खाली बसले.

"अहो... आणि म्हैस?"

"म्हैस पोहत होती," हे पुटपुटले. "मी शेपटी धरली होती."

"जळ्ळं मेलं ते तोंड!" रडू आणि राग दोन्ही एकदम आलं. मी पदरानं त्यांचं डोकं खसाखसा पुसत सुटले. "येत नव्हतं, तर उडी कशाला घेतलीत?"

हे रूपश्रीच्या मांडीवरच्या वाणीकडे बघत होते. दात वाजत होते.

"येत नाही, हे आठवलंच नाही गं."